सातमाळ्याचे घाट : औरंगाबादेहून खानदेशांत उतरण्याच्या वाटा व खानजहानावरील एक आरोप

१. विषय. जुन्या मराठी व फारसी कागदांत फौज घाट उतरली, फौज घाट चढून अलीकडे आली, अशा तऱ्हेचा त्रोटक मजकूर वारंवार येतो. कागद छापणारा त्यावर टीप देत नाहीं आणि वाचणारा तो ओलांडून पुढें जातो. घाट कोणता, तोच कां धरला, आणि दुसरा कां सोडला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कित्येक मोहिमांच्या तारखांचा मेळ अवलंबून असतो. आणि क्वचित् एखाद्या माणसाची अब्रूहि अवलंबून असते. औरंगाबाद प्रांत व खानदेश हे एकमेकांस लागून असलेले दोन मुलूख. त्यांच्यामध्यें एकच डोंगराची ओळ आहे. परंतु ती ओलांडण्याच्या वाटा अनेक आहेत. या वाटांपैकीं एकीची निवड प्रवाशानें, व्यापाऱ्यानें व सेनापतीनें कोणत्या हिशेबानें केली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि त्या विचाराच्या आधारें इ. स. १६८१ मध्यें मोगल सरदार खानजहान बहादुर याजवर आलेला लांच खाल्ल्याचा आरोप तपासून पाहावयाचा आहे.

नांवांविषयीं एक गोष्ट आरंभींच सांगणें इष्ट आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें वसविलेलें नगर पुढें फत्तेनगर, व औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीपासून औरंगाबाद या नांवानें ओळखलें गेलें. २०२३ सालापासून त्यास छत्रपती संभाजीनगर हें नांव आहे. कागदांतील उल्लेखांशीं घोटाळा होऊं नये म्हणून पुढील विवेचनांत त्या त्या काळचें नांव ठेविलें आहे.

२. डोंगराची रचना. मनमाडाजवळच्या अणकाई-टणकाई या जोडकिल्ल्यांपासून पूर्वेस अजिंठ्यापर्यंत व तेथून पुढें वऱ्हाडाच्या सीमेपर्यंत जी ओळ गेली आहे तिला सातमाळ्याचे किंवा अजिंठ्याचे डोंगर म्हणतात. गोदावरी व तापी यांच्या खोऱ्यांमधील ही शींव होय. दक्षिणेकडून येणाऱ्यास हे डोंगर फारसे जाणवत नाहींत. शिवना, पूर्णा, खेळणा या नद्यांच्या कांठानें जमीन हळूहळू चढत जाते. उत्तरेकडे मात्र कडा एकदम तुटतो आणि सुमारें हजार फूट खालीं गिरणा व वाघूर यांचें सपाट मैदान दिसूं लागतें. म्हणजे वरून जाणारास घाट हा उतरण आहे, आणि खालून येणारास तो भिंत आहे. एकाच वाटेविषयीं दोन्ही बाजूंच्या लोकांचा अभिप्राय भिन्न असतो त्याचें कारण हेंच.

या भिंतीस वाटा पुष्कळ आहेत. परंतु इतिहासांत ज्यांना महत्त्व आलें त्यांचे चार गट पाडतां येतात. पहिली, अगदीं पश्चिमेची अणकाईची खिंड. हींत चढ सौम्य, पण फेरा मोठा. दुसरी, कन्नडजवळून चाळीसगांव-पाटण्याकडे उतरणाऱ्या वाटांची जुडी. हिच्या आसपास पितळखोऱ्याचीं लेणीं, गौताळ्याचें रान व अंतूरचा किल्ला हीं आहेत. तिसरी, अजिंठा-फर्दापूरचा घाट. बऱ्हाणपुराकडे जाणारा हा राजमार्ग. त्याच्याच पश्चिमेस हळद्याचा घाट असून त्यावर वेताळवाडीचा किल्ला पहारा करितो. चौथी, पूर्वेकडील रोहिणखेडचा घाट. हा वऱ्हाडांतून बाळापुराकडून येणाऱ्यास सोईचा. औरंगाबादेहून निघणाऱ्या माणसापुढें डावीकडून उजवीकडे असा हा हाताच्या बोटांसारखा पसरलेला वाटांचा पंखा होता.

३. प्राचीन काळचा पुरावा. वाटेची निवड ही मोगलाईंत निर्माण झालेली गोष्ट नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर, अशीं अंतरें दिलीं आहेत. आणि या गांवांचा माल गाड्यांवर घालून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून भडोचेस नेतात असें सांगितलें आहे. यांतील गाड्यांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. बैलाच्या पाठीवरील गोण पायवाटेनें उतरूं शकते. गाडीस सौम्य उतार लागतो. सबब गाडीचा माल व पाठीवरचा माल यांच्या वाटा त्या काळींहि एक असल्या पाहिजेत असें धरून चालतां येत नाहीं.

पायवाटेचा पुरावा डोंगरांतच कोरलेला आहे. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहांतील स्तंभांवर ज्या दात्यांचीं नांवें आहेत त्यांपैकीं एक पैठणचा गंधिक कुळांतील मित्रदेव होय. दुसरें दान पैठणच्याच संघकाच्या पुत्रांचें आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आपल्या गांवीं दान न देतां कित्येक मजलांवरील कड्याच्या तोंडाशीं देतो, याचा अर्थ त्याचें येणेंजाणें त्या कड्यावरून होतें. सुगंधी द्रव्य हलकें व मोलाचें. तें गाडीवर घालून फेरा घेण्याचें कारण नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं तशींच दुसऱ्या घाटाच्या कुशींत आहेत. तेथील सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव. आणि त्याच वराहदेवाचा लेख जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यांत आहे. राजाच्या सचिवानें दोन निरनिराळ्या उतरणींच्या माथ्यावर लेणीं करविलीं, हें केवळ एकांतवासाच्या आवडीचें लक्षण मानतां येत नाहीं. विहार एकांतांत असावा, पण भिक्षेस व दानास वाट जवळ असावी, अशी ही योजना दिसते.

यादवकाळीं देवगिरी वर व पाटणें खालीं, अशी जोडी होती. पाटण्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्धच आहे. भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपल्या आजाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला व निकुंभ सामंतांनीं त्यास दान दिलें. ज्योतिषी देवगिरीच्या पदरचा आणि मठ कड्याखालीं, तेव्हां राजधानी व पाटणें यांमधील घाट विद्वानांच्या राबत्याचा होता हें उघड आहे. उलट १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तो एलिचपुरावरून, म्हणजे पूर्वेच्या अंगानें आला. ज्यास दानधर्म करावयाचा तो घाटाच्या तोंडाशीं थांबतो. ज्यास छापा घालावयाचा तो लोकांच्या नित्य राबत्याची वाट टाळतो.

४. निवडीचे चार हिशेब. वरील उदाहरणांवरून व पुढील काळच्या हकीकतींवरून वाटेची निवड चार गोष्टींवर होई असें दिसतें : ओझें, पाणी, पहारा आणि ऋतु. अंतर हें त्यांत गौण असे.

ओझ्याविषयीं वर सांगितलेंच आहे. पाण्याचें महत्त्व लष्करास विशेष. हे डोंगर काळ्या दगडाचे. त्यांच्या माथ्यावर उन्हाळ्यांत पाणी तुटपुंजें. म्हणून मुक्काम टांक्यांच्या, कुंडांच्या किंवा सराईच्या आधारानें ठरत, आणि मुक्काम ठरले कीं वाट आपोआप ठरे. पहारा म्हणजे किल्ला, चौकी व जकात. जेथें किल्ला आपला तेथें वाट सुखाची. जेथें तो परक्याचा तेथें जवळची वाटहि दूरची. एकाच डोंगराच्या माथ्यावर अंतूर, वेताळवाडी, जंजाळा असे किल्ले जवळ जवळ कां बांधले, याचें उत्तर एकेका किल्ल्याखालची उतरण पाहिली म्हणजे मिळतें. ऋतूचा हिशेब सर्वांस परिचित आहे : पावसाळ्यांत घाट निसरडे होत, आणि खालीं तापीस पूर आला म्हणजे घाट उतरूनहि उपयोग नसे.

या निवडीचें सर्वांत बोलकें स्मारक अंतूर किल्ल्याच्या दक्षिणेस वाटेवर उभें असलेला निजामशाहींतील चौकोनी दगडी स्तंभ होय. त्याच्या अंगावर फारसी लिपींत निरनिराळ्या दिशांच्या गांवांचा निर्देश आहे. किल्ल्यावरील शिलालेख राजाची कीर्ति सांगतो. हा स्तंभ वाटसरूस वाट सांगतो. फांट्यावर येऊन घोटाळणारा माणूस राज्यकर्त्यास इतका महत्त्वाचा वाटला कीं त्याच्यासाठीं दगड घडवून अक्षरें खोदविलीं, ही गोष्ट त्या काळच्या राबत्याविषयीं कोणत्याहि बखरीपेक्षां अधिक सांगते.

पूर्वेकडील रोहिणखेडचा घाट राज्यें उलथविणारा ठरला. १५९१ मध्यें तेथील लढाईंत जमालखान पडला आणि बुऱ्हाण निजामशहास अहमदनगरचें तख्त मिळालें. १६१६ मध्यें शाहनवाजखानाच्या मोगल फौजेनें बाळापुराहून येऊन रोषणगांवीं मलिक अंबराचा पराभव केला, खडकी जाळली, व ती रोहिणखेडच्याच घाटानें परत उतरली. बऱ्हाणपूर मोगलांचें झाल्यानंतर मात्र अजिंठ्याच्या घाटास दिवसेंदिवस महत्त्व चढलें. बऱ्हाणपूर हें मोगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचें व रसदेचें ठाणें. १६३३ मध्यें दौलताबादेचा वेढा चालला असतां मोगलांचें धान्य तेथूनच येई. फर्दापूरची मोठी सराई व अजिंठा गांवची तटबंदी हीं या राजमार्गाचीं अवशिष्ट चिन्हें होत.

५. इ. स. १६८१ ची हकीकत. आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १६८१ च्या जानेवारीत संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांची फौज एकाएकीं बऱ्हाणपुरावर जाऊन पडली. या फौजेचें नेतृत्व हंबीरराव मोहित्यांकडे होतें असें मानलें जातें. तटाबाहेरील बहादुरपुरा व इतर पुरे लुटले गेले. शहरांत खानजहानाचा नायब काकरखान हा थोड्या लोकांनिशीं होता. त्यानें दरवाजे बंद करून तट कसाबसा राखला. तीन दिवस मराठ्यांनीं पुऱ्यांतील संपत्ति उचलली.

खानजहान बहादुर कोका तेव्हां औरंगाबादेस होता. पुढील हकीकत खाफीखानानें मुन्तखब्-उल्-लुबाब या ग्रंथांत दिली आहे ती थोडक्यांत अशी. बातमी येतांच खानजहान घोड्यावर बसला आणि चार-पांच मजलांचें अंतर एका अहोरात्रांत तोडून ३२ कोसांवरील फर्दापूरच्या घाटास पोंचला. तेथें त्यास तीन-चार प्रहर थांबावें लागलें. लोक असें बोलत कीं, या मुदतींत संभाजीचा वकील मोठी रक्कम घेऊन त्याला भेटला. मराठे लुटीनें लादलेले होते व चोपड्याच्या वाटेनें बागलाणांतील साल्हेर किल्ल्याकडे निघाले होते. खानजहानानें डाव्या हातास धरणगांव-चोपड्याकडे वळून त्यांस आडवें जावयाचें. तें न करितां तो उजव्या हातास एदलाबादेकडे गेला. मराठ्यांनीं संधि साधली आणि चार-पांच दिवसांत ते सर्व लुटीसह साल्हेरीस पोंचले.

हा आरोप पुढें ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेला. तो चिकटण्यास अनुकूल असें एक कारणहि होतें : १६७५ मध्यें तहाच्या बोलण्यांत शिवछत्रपतींनीं याच सरदारास झुलवत ठेवून फसविलें होतें. ज्याची एकदां फसगत झाली त्याच्या दुसऱ्या अपयशास लोक हरामखोरी म्हणतात. तथापि आरोपाचा सगळा भार एका वाटेच्या निवडीवर आहे. यासाठीं त्या निवडीचीच परीक्षा केली पाहिजे.

६. आरोपाची परीक्षा. प्रथम अंतरें पाहूं. फर्दापुराहून उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें असतां एदलाबाद, म्हणजे हल्लींचें मुक्ताईनगर, उजवीकडे सुमारें ३७ मैल आहे व तेथून बऱ्हाणपूर सुमारें २२ मैल. डावीकडे धरणगांव सुमारें ४१ मैल, आणि चोपडें तापीपलीकडे सुमारें ५३ मैल. बऱ्हाणपुराहून चोपडें सुमारें ६० मैल. हीं सर्व अंतरें सरळ रेषेचीं आहेत. प्रत्यक्ष वाट याहून लांब पडे. मराठे तापीच्या उत्तर कांठानें चालणार, त्यांना नदी आड नाहीं. खानजहानास ती ओलांडणें भाग. म्हणजे दोन्ही पक्षांस चोपडें जवळ जवळ सारखें दूर होतें, आणि त्यांतहि खानजहानापुढें नदीचा अडथळा होता. मराठे फर्दापूरच्या कुचापूर्वी अर्धा दिवस जरी निघाले असले, तरी त्यांना चोपड्याच्या अलीकडे गांठणें ३२ कोस दौडलेल्या घोड्यांस सोपें नव्हतें.

दुसरें, तीन-चार प्रहरांचा मुक्काम. चार-पांच मजला एका अहोरात्रांत तोडल्यानंतर घोडीं व माणसें घाटाच्या तोंडाशीं नऊ-बारा तास विसांवलीं, यांत संशय घेण्यासारखें कांहीं नाहीं. मागें पडलेले लोक गोळा होईपर्यंत कोणताहि शहाणा सेनापति फौज अरुंद उतरणींत घालणार नाहीं. सुट्या स्वारांनिशीं खालीं उतरून शत्रूच्या तोंडीं पडणें हें शौर्य खरें, पण तो कारभार नव्हे.

तिसरें व मुख्य, ज्ञानाचा प्रश्न. मराठे चोपड्याच्या वाटेनें गेले हें खाफीखानास ठाऊक आहे, कारण तो पुष्कळ वर्षांनंतर लिहीत आहे. खानजहानास फर्दापुरावर काय ठाऊक होतें? शहर वेढलेलें आहे, नायबाजवळ लोक थोडे आहेत, पुरे जळत आहेत, एवढी बातमी घेऊन तो निघाला होता. अशा वेळीं डावीकडे वळणें म्हणजे शहर पडूं देऊन लुटीच्या मागें लागणें होय. आणि मराठे अद्याप बऱ्हाणपुरींच असते तर त्याच डाव्या वळणास लोकांनीं फितुरी म्हटलें असतें. उजवी वाट ही शहर वांचविण्याची वाट. डावी वाट ही लूट सोडविण्याची वाट. त्यानें पहिली धरली. ही निवड चुकली असेल, परंतु ती समजण्यासाठीं लांचाची कल्पना करावी लागत नाहीं.

चौथें, खाफीखान स्वतः ती गोष्ट आपल्या नांवावर सांगत नाहीं. तो ती लोकांच्या, आणि तेहि वांकडें बोलणाऱ्या लोकांच्या, तोंडीं घालतो. त्याच्या वाक्यांतील हा संयम पुढील लेखकांनीं गाळला आणि लोकवार्तेचा निर्णय बनविला. मूळ ग्रंथ न पाहतां त्याचा सारांश उद्धृत करण्याच्या संवयीचा हा परिणाम होय.

आमच्या मतें खानजहानाचा दोष असलाच तर तो निराळा आहे : त्यानें एकच वाट धरली. फर्दापुरास फौजेचे दोन भाग करून एक एदलाबादेस व एक धरणगांवास पाठविणें त्यास शक्य होतें. आणि डावीकडील तुकडीनें लढाई दिली नसती तरी लुटीनें जड झालेल्या बैलांचा व तट्टांचा वेग तिनें मोडला असता. याच्या उलट मराठ्यांची निवड पाहावी. त्यांनीं जवळचा घाट चढून माथ्यावर येण्याचा मोह टाळला, कारण माथ्यावर मोगलांचे किल्ले व औरंगाबादची छावणी होती. त्यांनीं खानदेशचें सपाट मैदान धरलें, नदी आपल्या व शत्रूच्या मध्यें ठेविली, आणि शेवटचें टोंक असें निवडलें कीं तेथें साल्हेर हा आपलाच किल्ला उभा होता. ओझें, पाणी, पहारा व ऋतु हे चारी हिशेब त्यांत जमले होते. जो विजय लांचाच्या पदरीं घातला जातो तो वास्तविक वाट निवडणाऱ्याच्या पदरीं घातला पाहिजे. त्या काळच्या मराठी फौजेस न्याय द्यावयाचा तर खानजहानावरील आरोप आधीं बाजूस सारावा लागतो, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

या प्रकरणाचे पडसाद मोठे उमटले. बऱ्हाणपूरच्या धर्मपंडितांनीं बादशहाकडे अर्ज करून शुक्रवारची नमाज बंद करण्याची धमकी दिली. शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास गेल्यामुळें बादशहास दक्षिणेंत उतरणें अवश्य झालेंच होतें. तो नोव्हेंबर १६८१ त बऱ्हाणपुरास व मार्च १६८२ त औरंगाबादेस आला, आणि त्याचें उर्वरित आयुष्य दक्षिणेंतच गेलें.

७. पुढील दोन उदाहरणें. याच मुलुखांतील दोन प्रसंग वरील निर्णयास पुष्टि देतात. पहिला पालखेडचा. बाजीरावानें १७२७ च्या अखेरीपासून निजामुल्मुल्कास जालना प्रांत, खानदेश, गुजराथ असें हिंडवून पुन्हां घाटावर आणिलें. निजामाजवळ तोफखाना जबर, बाजीरावाजवळ घोडा. शेवटीं वेग साधण्यासाठीं निजामास जड तोफा मागें टाकाव्या लागल्या, आणि २५ फेब्रुवारी १७२८ रोजीं वैजापूर तालुक्यांतील पालखेडाजवळ तो पाण्यावांचून कोंडला गेला. ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. तोफखाना बरोबर घेतला तर वेग नाहीं, आणि टाकला तर बळ नाहीं, अशा पेंचांत बाजीरावानें त्यास वाटांच्या निवडीनेंच आणिलें होतें.

दुसरा प्रसंग १८०३ चा. २४ ऑगस्ट रोजीं शिंदे व भोसले यांचे केवळ घोडदळ अजिंठ्याच्या घाटानें वर आलें. कर्नल स्टीव्हन्सन त्या वेळीं पूर्वेकडील दुसऱ्या घाटाच्या रक्षणास गेला होता. दोन दारें व एक पहारेकरी, अशी ही स्थिति होती. पायदळ व तोफा मागाहून येऊन मिळाल्या. २१ सप्टेंबर रोजीं बदनापूर येथें वेलस्ली व स्टीव्हन्सन यांनीं मसलत करून दोन वाटांनीं दोन फौजा नेण्याचें ठरविलें : एकाच अरुंद वाटेनें सगळी फौज नेण्यांत वेळ जाई, आणि दुसरी वाट शत्रूस निसटण्यास मोकळी राही. खानजहानानें जें केलें नाहीं तें यांनीं केलें. परंतु त्याचें मोलहि त्यांस द्यावें लागलें. २४ तारखेस दोघांनीं मिळून हल्ला करावयाचा असतां २३ तारखेसच वेलस्लीस शत्रु अवघ्या सहा मैलांवर असल्याचें कळलें, आणि स्टीव्हन्सन येण्यापूर्वीच त्यास असईची लढाई एकट्यानें लढावी लागली. त्याच्या बाजूचे ४२८ ठार व ११३८ जखमी झाले. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पोंचला. जखमींची सोय पुढें अजिंठ्याच्या तटबंदींत करण्यांत आली.

याच दिवशींची एक गोष्ट वाटेच्या अभ्यासकानें विसरूं नये. खेळणा नदीस उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. वेलस्लीनें नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर दोन गांवें पाहिलीं, पिंपळगांव व वरूड. आणि दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं त्या अर्थी त्यांच्यामध्यें येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असें अनुमान करून फौज तेथेंच घातली. उतार सांपडला. लिखित किंवा तोंडी पुराव्यापेक्षां वस्तीच्या मांडणीचा पुरावा कित्येक वेळां अधिक विश्वसनीय असतो, हा धडा इतिहाससंशोधकासहि लागू आहे.

८. घाटांचा उत्तरकाल. विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतील हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादेवरून मनमाडास येऊन मिळाली. आगगाडीस गाडीहूनहि सौम्य उतार लागतो. म्हणून तिनें अणकाईची खिंड पसंत केली. पेरिप्लसमधील गाड्यांचा हिशेब एकोणीस शतकांनंतर पुन्हां खरा ठरला असें म्हणण्यास हरकत नाहीं. अजिंठ्याच्या घाटाचा लष्करी मान गेला, आणि १८१९ मध्यें जॉन स्मिथ या इंग्रज अंमलदाराच्या नजरेस पडलेल्या लेण्यांमुळें त्यास निराळीच कीर्ति लाभली. कन्नडचा घाट मात्र मोटारीच्या काळांत पुन्हां वर आला. १८२५ मध्यें खानदेशांत भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नांवानें तो औट्रम घाट म्हणून ओळखला जातो, आणि सोलापूर-धुळें हा राष्ट्रीय महामार्ग त्यावरून जातो. २०२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस अतिवृष्टीनें दरडी कोसळून तो बंद पडला. आणि २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानें त्यांतून अवजड वाहनें नेण्यास मनाई झाली. मालमोटारी हांकणारांस त्यामुळें लांबच्या वाटा धराव्या लागल्या. ओझें, पहारा व ऋतु या तीन जुन्या हिशेबांपैकीं एकहि रद्द झालेला नाहीं.

९. संग्राहकांस विनंति. या लेखाचें तात्पर्य एवढेंच कीं, वाटेची निवड हा स्वतंत्र पुरावा आहे. सेनापतीनें काय बोललें तें बखरकार आपल्या मनाप्रमाणें लिहितो. तो कोणत्या वाटेनें गेला तें बदलणें त्यास अवघड जातें, कारण गांवांचीं नांवें मधें येतात. हा पुरावा मुख्यतः ज्या कागदांत असतो ते कागद दिसण्यांत क्षुद्र असतात : मुक्कामांच्या याद्या, जासूदांच्या मजुरीचे हिशेब, जकातीचीं टिपणें, रहदारीचीं दस्तकें, बैलांच्या तांड्यांच्या गोणींची मोजदाद. त्यांत राजकारण नसतें, सुंदर हस्ताक्षर नसतें, मोर्तबहि पुष्कळदां नसतें. म्हणून दफ्तर निवडतांना ते रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं औरंगाबाद, कन्नड, अजिंठा, चाळीसगांव किंवा बऱ्हाणपूर या बाजूचे असे कागद असतील त्यांनीं ते टाकूं नयेत. नक्कल करितांना घाटाचें नांव, त्याच्या आधींच्या व नंतरच्या मुक्कामाचें नांव, तिथि आणि बरोबरच्या ओझ्याचा प्रकार, एवढ्या चार गोष्टी जशाच्या तशा उतरून घ्याव्यात. गांवाचें नांव अपरिचित वाटलें तरी तें सुधारून लिहूं नये.

अंतूरच्या वाटेवरील दगडासहि हीच विनंति लागू आहे. किल्ल्यावर जाणारे तो पाहून पुढें जातात. त्याच्या चारहि बाजूंचे ठसे घेऊन ठेवणें हें एका दिवसाचें काम आहे. अक्षरें झिजून गेल्यावर तें कोणत्याहि दिवसांत होणार नाहीं. ज्या राज्यानें तो उभा केला तें लयास गेलें, ज्या शहरांकडे तो बोट दाखवितो त्यांचे मान बदलले. तरी फांट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसास जें विचारावयाचें असतें त्याचें उत्तर तो दगड आजहि देत आहे.